उड्डाणापूर्वीचे एक मिनिट : जायरोप्लेनचा प्रीरोटेटर आणि त्याची देखभाल

जायरोप्लेनच्या डोक्यावरचा रोटर हवेत आपोआप फिरतो. जमिनीवर मात्र त्याला फिरवून द्यावे लागते. हे काम करणाऱ्या क्लचकडे आणि शाफ्टकडे दुर्लक्ष झाले, तर अपघाताची तयारी उड्डाणाआधीच सुरू होते.

जायरोप्लेन दुरून पाहिले तर लहानसे हेलिकॉप्टरच वाटते. डोक्यावर दोन लांब पाती, खाली एक-दोन माणसांपुरती बैठक, तीन चाके आणि पाठीमागे इंजिन. परंतु साम्य इथेच संपते. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन डोक्यावरच्या पात्यांना सतत फिरवत असते. जायरोप्लेनमध्ये इंजिनाची शक्ती प्रोपेलरकडे जाते. प्रोपेलर यानाला पुढे नेतो आणि डोक्यावरचा रोटर केवळ हवेच्या प्रवाहाने फिरत राहतो. रोटरची चकती मागच्या बाजूला किंचित कललेली असते. समोरून येणारी हवा तिच्यात खालून शिरते, वरून बाहेर पडते आणि जाता जाता पात्यांना गती देते. या क्रियेला स्वयंभ्रमण म्हणतात. उड्डाणात इंजिन बंद पडले तरी रोटर थांबत नाही. यान उतरत्या वाटेने जमिनीवर आणता येते.

हवेत गेल्यावर रोटरला कुणाच्या मदतीची गरज नसते, हे खरे. पण हवेत जाण्यासाठी तो आधी पुरेशा वेगाने फिरायला हवा, आणि धावपट्टीवर उभ्या असलेल्या यानाच्या रोटरला असा वेग देईल इतका वारा सहसा नसतो. ही अडचण सोडवणारी यंत्रणा म्हणजे प्रीरोटेटर. इंजिनाची थोडी शक्ती उसनी घेऊन ती रोटरपर्यंत पोहोचवायची, रोटरला उड्डाणापुरता वेग द्यायचा आणि मग बाजूला व्हायचे, एवढेच तिचे काम. एका उड्डाणात ती जेमतेम एक मिनिट वापरली जाते. त्यामुळेच तिच्याकडे कानाडोळा होतो. इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारा, पात्यांवरचा चरा बोटाने तपासणारा वैमानिकही प्रीरोटेटरचा क्लच घसरू लागला, तर 'आज जरा वेळ लागतोय' असे म्हणून पुढे जातो. या एका मिनिटाचे महत्त्व काय आणि त्यासाठी कोणती काळजी घ्यावी लागते, हे पाहू.

दोरीपासून क्लचपर्यंत

हा प्रश्न जायरोप्लेनच्या जन्माइतकाच जुना आहे. स्पेनचे अभियंते ख्वान दे ला सिएर्व्हा यांनी बांधलेले तीन इंजिनांचे विमान १९१९ मध्ये वेग कमी पडल्याने कोसळले. वेग मंदावला तरी आधार न सोडणारे यान करायचे, या ध्यासातून त्यांनी फिरत्या पंखांची कल्पना हाती घेतली. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या खेताफे येथे त्यांच्या 'सी-४' या यानाने यशस्वी उड्डाण केले. पात्यांना बुडाशी बिजागरी देऊन त्यांना वर-खाली होऊ द्यायचे, ही त्या यशाची गुरुकिल्ली होती.

रोटर सुरू करण्याची रीत मात्र त्या काळी फारच ओबडधोबड होती. पात्यांच्या खालच्या बाजूच्या खुंट्यांभोवती दोरी गुंडाळायची आणि माणसांनी ती ओढत धावायचे, भोवरा फिरवावा तशी! उरलेला वेग मिळवण्यासाठी वैमानिक यान मैदानात हळूहळू पळवत असे. पुढे 'सी-१९' या यानात शेपटीचे पडदे वर वळवून प्रोपेलरचा झोत रोटरवर सोडण्याची युक्ती योजली गेली. तिने दोरी सुटली. पण वेग पुरेसा मिळेना.

खरे उत्तर इंजिनाला यांत्रिक जोड देण्यात होते. अमेरिकेत हॅरॉल्ड पिटकेर्न यांच्या कंपनीच्या 'पीसीए-२' या यानात इंजिनापासून रोटरपर्यंत क्लच आणि शाफ्टची जोडणी होती. याच प्रकारच्या यानातून एप्रिल १९३१ मध्ये अमेलिया इअरहार्ट यांनी १८,४१५ फुटांची उंची गाठली. त्याच महिन्यात असे एक यान व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरून तेथूनच पुन्हा उडाले. दोरी ओढणाऱ्या माणसांची टोळी सोबत बाळगावी लागली असती, तर हे शक्य झाले नसते. सिएर्व्हा यांच्या पुढच्या 'सी-३०' मध्येही अशीच जोडणी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर इगोर बेन्सन यांनी अमेरिकेत हौशी मंडळींना घरी बांधता येईल असे लहान जायरोप्लेन लोकप्रिय केले. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी त्यात बहुधा प्रीरोटेटर नसे. वैमानिक पाती हातानेच फिरवून देई आणि यान हळूहळू पळवत वेग वाढवी. हे कौशल्याचे काम होते आणि त्यात घाई झाली की पाती आपटत. आज युरोपात तयार होणाऱ्या बहुतेक जायरोप्लेनमध्ये प्रीरोटेटर असतोच.

दोनशे फेऱ्यांचा हिशेब

रोटर कमी वेगाने फिरत असताना यान पळवले तर काय होते, हे आकड्यांनी पाहणे बरे. ८.४ मीटर व्यासाचा रोटर घेऊ. मिनिटाला २०० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३१७ किलोमीटर असतो. यान ताशी ५० किलोमीटरने धावत असेल, तर पुढे जाणाऱ्या पात्याच्या टोकाला ताशी ३६७ किलोमीटरची हवा लागते आणि मागे येणाऱ्या पात्याला २६७ ची. उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे पात्याचा कोन तोच धरला, तर टोकापाशी दोन्ही बाजूंच्या उचलीत सुमारे १.९ पटींचा फरक पडतो. पाती झोपाळ्याच्या फळीसारखी मध्यबिंदूवर डोलतात आणि हा फरक पचवतात.

आता फेरे निम्मे, म्हणजे १०० करू. यानाचा वेग तोच ठेवू. टोकाचा वेग १५८ वर येतो. एका बाजूला २०८, दुसऱ्या बाजूला १०८. उचलीतला फरक सुमारे ३.७ पट! शिवाय हळू फिरणाऱ्या पात्यांना ताठ धरून ठेवणारे केंद्रोत्सारी बलही चौथ्या हिश्श्यावर आलेले असते. पाती मर्यादेबाहेर डोलू लागतात, अडसरांवर आदळतात, नियंत्रणदांडा वैमानिकाच्या हातात हिसके देऊ लागतो. तरीही वेग कमी केला नाही, तर पाते शेपटीवर किंवा प्रोपेलरवर आपटू शकते. काही सेकंदांत हे घडते, आणि यान उलटले तर आतल्या माणसांच्या जिवावर बेतू शकते.

म्हणूनच बहुतेक आधुनिक यानांच्या पुस्तिकांत धाव सुरू करण्यापूर्वी रोटरचे किमान फेरे दिलेले असतात. ते साधारणपणे मिनिटाला २०० च्या आसपास असतात. उरलेला वेग धावताना येणाऱ्या हवेतून मिळतो आणि उड्डाणात रोटर ३०० ते ४०० फेऱ्यांदरम्यान फिरतो. थकलेला प्रीरोटेटर दोनशेऐवजी दीडशेलाच अडकला, तर वैमानिकापुढे दोन वाटा असतात. परत फिरून यान दुरुस्तीला लावायचे, किंवा 'धावताना वाढेल' या भरवशावर निघायचे. दुसरी वाट निवडणाऱ्याने सुरक्षिततेचे माप स्वतःच्या हाताने कमी केलेले असते. वेग अतिशय सावकाश वाढवला नाही, तर पाती आपटण्याचा धोका त्याच्या डोक्यावर अक्षरशः फिरत असतो. आणि सावकाश वाढवला, तर धावपट्टी अपुरी पडू शकते.

शक्तीचा प्रवास

उदाहरणासाठी जर्मनीतील हिल्डेसहाइम येथील 'ऑटोजायरो' कंपनीच्या 'एमटीओस्पोर्ट' या प्रकारची रचना पाहू. वैमानिक नियंत्रणदांड्यावरचे बटण दाबतो. दाबाखालची हवा क्लचला सरकवते आणि इंजिनाची गती क्लचमध्ये येते. तिथून काटकोनी गिअरपेटीत ती उभ्या दिशेला वळते, शाफ्टवाटे मस्तकाकडे चढते आणि शेवटी एक लहान पिनियन रोटरच्या मोठ्या दातेरी कड्यात अडकून त्याला फिरवतो.

या साखळीत तीन गोष्टी विचारपूर्वक केलेल्या असतात. पहिली, क्लच मर्यादेपलीकडे घसरतो. घरातल्या विजेच्या फ्यूजसारखा तो साखळीतला मुद्दाम ठेवलेला कमजोर दुवा असतो. दुसरी, शाफ्टमध्ये लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा असतो. कारण नियंत्रणदांडा हलवला की रोटरचे मस्तक कलते आणि शाफ्टच्या दोन टोकांतले अंतर बदलते. तिसरी, पिनियन मळसूत्री आट्यांवर बसवलेला असतो. शाफ्ट फिरू लागला की तो आट्यांवरून सरकून कड्याच्या दात्यांत शिरतो आणि रोटर शाफ्टपेक्षा जलद फिरू लागला की आपोआप बाहेर ढकलला जातो. जुन्या मोटारींच्या स्टार्टरमध्ये हीच युक्ती असे. गॅरेजमध्ये तिला 'बेन्डिक्स' म्हणतात.

याखेरीज एक कुलूप असते. नियंत्रणदांडा पूर्ण पुढे असल्याशिवाय आणि हवेच्या यंत्रणेची कळ उड्डाणाच्या स्थितीत असल्याशिवाय क्लच जोडला जात नाही. इंजिनाने रोटरला फिरवले की यानाच्या सांगाड्याला उलट दिशेने पीळ बसतो. जमिनीवर चाके तो पेलतात. हवेत तो पेलायला हेलिकॉप्टरसारखा शेपटीचा पंखा जायरोप्लेनला नसतो. म्हणून हे कुलूप चालते की नाही, हे तपासणे देखभालीचाच भाग आहे.

क्लच का जळतो?

बटण दाबण्याच्या क्षणी रोटर स्थिर असतो आणि क्लचची इंजिनाकडची बाजू फिरत असते. दोन्ही बाजूंचा वेग सारखा होईपर्यंत क्लच घसरतो. ही घसरण दोष नव्हे, कामाचाच भाग आहे. परंतु तिची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

समजा, रोटरचे जडत्व १८० किलोग्रॅम-चौरस मीटर आहे. २०० फेऱ्यांना त्यात सुमारे ४० किलोज्यूल ऊर्जा साठते. शंभर किलोचे ओझे चाळीस मीटर, म्हणजे तेरा-चौदा मजली इमारतीइतके उंच उचलायला लागणारी ही ऊर्जा आहे. आता यंत्रशास्त्राचा एक नियम ध्यानात घेतला पाहिजे. क्लचची एक बाजू कायम एकाच वेगाने फिरत असेल आणि दुसरी शून्यापासून त्या वेगापर्यंत येत असेल, तर जितकी ऊर्जा दुसऱ्या बाजूला साठते तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. क्लच कितीही महागडा असला तरी हा हिशेब बदलत नाही. पहिल्यापासूनच इंजिन २०० फेऱ्यांना जुळेल इतके वाढवून बटण दाबले, तर दर वेळी ४० किलोज्यूल उष्णता क्लचच्या माथी बसते. एक किलो पोलादाचे तापमान सुमारे ८० अंशांनी वाढवायला ती पुरते.

याउलट इंजिन मंद ठेवून क्लच जोडला, रोटर १०० फेऱ्यांवर आला आणि घसरण पूर्ण थांबली की मग हळूहळू इंजिन वाढवले, तर घसरण फक्त पहिल्या १०० फेऱ्यांपुरतीच होते. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने उष्णता १० किलोज्यूलवर, म्हणजे चौथ्या हिश्श्यावर येते. पुढचा वेग क्लच घट्ट बसलेल्या स्थितीत मिळतो. 'एमटीओस्पोर्ट'च्या कार्यपद्धतीत इंजिन मंद ठेवून सुरुवात करायची, रोटर सुमारे ११० फेऱ्यांवर येईपर्यंत थांबायचे आणि मगच बेताने वाढवायचे असे सांगितले आहे, त्यामागे हेच गणित आहे. क्लचची पहिली देखभाल वैमानिकाच्या हातात असते, स्पॅनर नंतर येतो.

क्लचची तपासणी

क्लचला हात लावण्यापूर्वी इंजिनाची दोन्ही प्रज्वलन-बटणे बंद करावीत, चावी काढून जवळ ठेवावी आणि पाती बांधावीत. प्रोपेलर क्लचच्या अगदी जवळ असतो, हे विसरून चालत नाही.

पहिले लक्ष तेलाच्या डागांकडे द्यावे. इंजिनाच्या सीलमधून पाझरलेले तेल क्लचच्या अस्तरावर उतरले, तर घर्षण घटते. तेल प्यालेले अस्तर पेट्रोलने पुसून पुन्हा बसवणे ही नुसती मलमपट्टी आहे. आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. अस्तर बदलावे, आणि त्याआधी तेल कुठून आले ते शोधून ती गळती बंद करावी. अस्तर काचेसारखे चकाकत असेल, तर ते जादा तापलेले आहे. क्लचच्या घराभोवती काळी पूड जमणे ही झिजेची नेहमीची खूण आहे. पूड एकाएकी वाढली तर मात्र क्लच वारंवार आणि फार वेळ घसरतो आहे, असे समजावे.

क्लच घसरतो म्हणून लगेच अस्तर बदलायला घेणे हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे ठरू शकते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या रचनेत दाब पुरेसा नसेल, तर नवे अस्तरही घसरते. दाबमापकाचा काटा बटण दाबल्यावर किती उतरतो आणि धरून ठेवल्यावर स्थिर राहतो का, हे पाहावे. संशय आला तर नळ्यांच्या जोडांवर साबणाचे पाणी लावावे. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. पट्टा ताणून जोडणी करणाऱ्या रचनेत पट्ट्याच्या कडा उसवल्या आहेत का, आतल्या बाजूला भेगा किंवा चकाकी आहे का, हे तपासावे. हाताच्या खटक्याने आणि तारेने चालणाऱ्या क्लचमध्ये खटका सोडल्यावर तारेत निर्मात्याने सांगितलेली ढील राहिलीच पाहिजे.

ही ढील महत्त्वाची आहे. न सुटणारा क्लच घसरणाऱ्या क्लचपेक्षा वाईट. घसरणारा क्लच निदान रोटरचे फेरे कमी दाखवून सूचना तरी देतो. अर्धवट अडकलेला क्लच मात्र उड्डाणभर शाफ्ट फिरवत ठेवतो आणि पिनियनला कड्याकडे ढकलत राहतो. तपासणी सोपी आहे. इंजिन मंद चालू असताना आणि प्रीरोटेटर सोडलेला असताना उभा शाफ्ट स्थिर असला पाहिजे. वैमानिक जागेवर, चाकांना ब्रेक आणि पाहणारा प्रोपेलरपासून सुरक्षित अंतरावर, अशा रीतीनेच हे पाहावे.

एक मोह आवर्जून टाळावा. क्लच घसरतो म्हणून त्याचा दाब किंवा स्प्रिंगचा ताण ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे वाढवू नये. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तार बसवण्यासारखेच ते आहे. जो ताण क्लच सोडून देत होता, तो मग गिअरपेटीच्या, शाफ्टच्या किंवा कड्याच्या दात्यांवर जातो.

शाफ्ट आणि त्याचे सांधे

मालमोटारीच्या पोटाखाली गिअरपेटीपासून मागच्या आसापर्यंत जाणारा लांब दांडा आपण पाहिलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा 'क्रॉस' असलेला सांधा असतो. तो म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. जायरोप्लेनच्या दृढ शाफ्टमध्येही असेच, पण लहान सांधे वापरले जातात.

या सांध्याचा एक स्वभाव आहे. दोन दांड्यांत कोन असेल, तर एक दांडा एकसारखा फिरत असला तरी दुसरा दर फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन ३० अंशांचा असेल, तर मिनिटाला १,००० फेऱ्यांचा वेग पलीकडे ८६६ आणि १,१५५ यांच्या दरम्यान हेलकावत राहतो. दोन सांधे एकमेकांशी जुळवून लावले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले, तर एकाचा हेलकावा दुसरा नाहीसा करतो. त्यासाठी मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे दुबेळके एकाच पातळीत असावे लागतात. सरकता सांधा साफसफाईसाठी वेगळा केला आणि परत बसवताना एका खाचेने चुकला, तर ही जुळणी बिघडते आणि शाफ्ट थरथरू लागतो. म्हणून सुटे करण्यापूर्वी दोन्ही भागांवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. पाच सेकंदांचे हे काम नंतरचे पाच तास वाचवते.

सांध्याची झीज हाताने कळते. एक बाजू घट्ट धरून दुसरी पुढे-मागे पिळावी. 'खट्' असा हिसका जाणवला, तर क्रॉसची बेअरिंगे गेली असे समजावे. दुसरी खूण डोळ्यांना दिसते. बेअरिंगच्या टोपीभोवती किंवा सरकत्या सांध्याच्या खाचांपाशी लालसर तपकिरी पूड दिसली, तर धातूवर धातू सूक्ष्म हालचालीने घासून ही गंजाची पूड तयार होत आहे. पूड पुसून टाकली म्हणजे रोग गेला असे होत नाही. सांधा उघडून खाचा तपासाव्यात, निर्मात्याने सांगितलेले ग्रीस भरावे आणि झीज मर्यादेबाहेर असेल तर भाग बदलावा. समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत ही तपासणी अधिक वेळा करावी.

सरकत्या सांध्याचे महत्त्व केवळ प्रीरोटेटरपुरते नाही. तो कोरडा पडून आखडला, तर उड्डाणात रोटरचे मस्तक कलताना शाफ्ट त्याला रेटू किंवा ओढू लागतो. वैमानिकाला नियंत्रणदांडा एका बाजूला जड लागतो. म्हणजे एक मिनिट वापरायच्या यंत्रणेतला दोष संपूर्ण उड्डाणाच्या नियंत्रणात शिरतो. इंजिन बंद असताना दांडा चारही दिशांना शेवटपर्यंत फिरवून पाहावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने शाफ्टचा सांधा मोकळा सरकतो का, कुठे सांगाड्याला किंवा वायरींना घासतो का, हे बघावे.

काही रचनांत दृढ दांड्याऐवजी तारांच्या वेटोळ्यांचा लवचीक शाफ्ट नळीतून वर नेलेला असतो. तो वळणावर फिरू शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. वळण ठरवून दिलेल्या त्रिज्येपेक्षा आवळले गेले, तर आतला शाफ्ट नळीला घासून तापतो. तो वेळापत्रकाप्रमाणे बाहेर काढून पुसावा, तुटलेली तार किंवा मुरड आहे का ते पाहावे आणि ग्रीस लावून परत घालावा. मुरड पडलेला शाफ्ट सरळ करून वापरू नये. अशा शाफ्टच्या वरच्या थराची वेटोळी एका दिशेच्या पिळाने आवळतात आणि उलट पिळाने उकलू लागतात; म्हणून बदली शाफ्ट घेताना त्याची दिशा योग्य आहे, याची खात्री करावी.

वरचे टोक : पिनियन आणि दातेरी कडे

रोटरच्या मस्तकापाशी ग्रीसचा सढळ हात घातक ठरतो. पिनियन ज्या मळसूत्री आट्यांवर सरकतो, त्यांवर जाड ग्रीस थापले की धावपट्टीवरची धूळ त्यात बसते आणि दोहोंचा मिळून कानशीसारखा लेप तयार होतो. पिनियन अडखळतो, कधी आत शिरत नाही, कधी बाहेर येत नाही. निर्मात्याने सांगितलेले वंगण, सांगितले तेवढेच वापरावे. हाताने पिनियन वर सरकवून सोडला की तो स्प्रिंगच्या जोरावर मुकाट्याने परत आला पाहिजे.

दातेरी कड्याचे सर्व दाते रोटर हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहावेत. कडांवर टवके उडाले असतील, तर पिनियन फिरत्या कड्यात शिरण्याची धडपड करत होता, असा त्याचा अर्थ. बटण सोडल्याबरोबर ते पुन्हा दाबण्याची सवय याला बहुधा कारणीभूत असते. रोटर आणि शाफ्ट यांचे वेग त्या वेळी जुळत नाहीत. कडे आणि मस्तक जोडणाऱ्या बोल्टांवर रंगाच्या खुणा केलेल्या असतात. खुणेची रेघ तुटलेली दिसली, तर बोल्ट सैल झाला आहे. तो नुसता आवळून पुढे जाऊ नये. का सुटला ते शोधावे. बटण सोडल्यानंतरही वरून खरखर ऐकू येत असेल, तर पिनियन पूर्ण बाहेर आलेला नाही. अशा वेळी उड्डाण करू नये.

घड्याळ आणि वही

या सर्व तपासण्यांहून सोपे आणि स्वस्त असे एक साधन आहे : सेकंदकाटा. वारा पडलेला असताना, क्लच जोडल्यापासून ठरावीक फेऱ्यांपर्यंत पोहोचायला किती सेकंद लागले, ते वहीत टिपावे. इंजिनाचे फेरे आणि वाढवण्याची पद्धत दर वेळी तीच ठेवावी; कारण समोरून वारा असला की तोही रोटरला हातभार लावतो आणि आकडा फसवा ठरतो. एकेका नोंदीला फारसा अर्थ नसतो. परंतु महिनाभराच्या नोंदी एकाखाली एक पाहिल्या की आकडा स्थिर आहे की चढतो आहे, हे लगेच कळते. माणसाच्या मनाला हळूहळू झालेला बदल जाणवत नाही. वहीला तो जाणवतो. रोज दोन सेकंद वाढत गेलेला वेळ 'नेहमीचाच' वाटू लागतो आणि एका उकाड्याच्या दुपारी, आखूड धावपट्टीवर, सोबत प्रवासी असताना प्रीरोटेटर दीडशेवर थबकतो. त्या क्षणी विहीर खोदायला घेऊन उपयोग नसतो.

भारतात जायरोप्लेन अजून नवलाईची गोष्ट आहे. डिसेंबर २०२३ मध्ये हरिद्वार येथे पर्यटनासाठी त्याची चाचणी-उड्डाणे झाली, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. अशा यानात बसण्याचा योग आला, तर निघण्यापूर्वीच्या त्या एका मिनिटाकडे लक्ष द्यावे. रोटर कुरकुर न करता वेग घेतो का, वैमानिक फेऱ्यांच्या मापकाकडे पाहून थांबतो का की घाईने ब्रेक सोडतो, हे प्रवाशालाही दिसते. फेरे पुरेसे न भरल्याने वैमानिकाने यान परत वळवले, तर हिरमुसले होऊ नये. त्याने आपले काम चोख केले, असे समजावे.